बॅटरी बदलायची नाही

माझ्या नवऱ्याच्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीएवढं मशीन होतं. हृदय मंद पडलं की ते त्याला चालू ठेवायचं. नऊ वर्षांनी त्याची बॅटरी संपत आली. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लवकर बदलून घ्या, छोटं ऑपरेशन आहे. मुलगा लगेच हो म्हणाला. पण सही बायकोची लागत होती, आणि माझा हात होत नव्हता.

ह्यांना तीन वर्षं काही आठवत नव्हतं. मला 'बाई' म्हणायचे आणि माझी बस कितीची आहे ते विचारायचे. दिवा गावातल्या आमच्या मिठागराच्या जमिनीवर बिल्डिंग उभी राहून वीस वर्षं झाली, तरी ह्यांना वाटायचं आपण मिठागरावर आहोत आणि खाडीचं पाणी आत येतंय. बांध बघा, बांध बघा, म्हणून ओरडायचे. डायपर बदलायला गेलं की घाबरून मारायचे. माझे दंड कायम काळेनिळे असत. हे रडगाणं नाही. तसं होतं, म्हणून लिहिलं.

मुलगा डोंबिवलीला राहतो. त्याची मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे असते. दर रविवारी दुपारी तिचे मित्रमैत्रिणी हॉलमध्ये फासे आणि कागद घेऊन खेळायला बसतात. प्रत्येकाच्या कागदावर एक मनातला माणूस असतो. त्याचं बळ, अक्कल, सगळं आकड्यांत. पुढे काय घडलं ते नात सांगते, आपल्या माणसाने काय केलं ते बाकीचे सांगतात, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. त्या खेळातले लोक अंगात यंत्रं बसवून घेतात. लोखंडी हात, अंधारात दिसणारा डोळा. पण प्रत्येक यंत्राला माणूसपणाचे गुण कापले जातात. ते शून्यावर आले की कागद नातीकडे द्यायचा. तो माणूस मग खेळणाऱ्याचा राहत नाही.

एका रविवारी त्यावरूनच भांडण झालं. त्यांच्यातल्या एका मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, तिच्या कानामागे ऑपरेशन करून मशीन बसवलंय. ती म्हणाली, "म्हणजे मी तुमच्यापेक्षा कमी माणूस का?" एक जण म्हणाला, अगं, खेळाच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय तसं. ती म्हणाली, मग पुस्तकालाच घेऊन खेळ.

मी चहा घेऊन आले होते. म्हटलं, माझे दोन्ही गुडघे धातूचे आहेत, माझे किती कापाल? तो मुलगा म्हणाला, आजी, तुमचं खातं आधीच मायनसमध्ये. सगळे हसले. मीपण हसले.

मग नातीने नियम बदलला. शरीरात नाही ते देणाऱ्या यंत्राला गुण कापायचे नाहीत. इतरांपेक्षा जास्त बळ देणाऱ्यालाच कापायचे, आणि त्याला मर्यादा ठेवायची. त्या मुलीला पटलं. मी ट्रे हातात धरून तिथेच बसले. मशीन पहिल्यांदा बसवलं त्यानंतर हे नवरात्रात ठाणे स्टेशनपासून टेंभी नाक्याच्या देवीला चालत गेले होते आणि मी मागे पडले म्हणून चिडले होते. तेव्हा मशीनने ह्यांना परत आणलं होतं. आता कोणाला आणणार?

मी नातीला विचारलं, "आणि ज्याने काहीच परत येत नाही, नुसतं चालू राहतं, त्याचं काय?"

"असलं कोण बसवून घेईल, आजी?" ती म्हणाली. मग तिची नजर आत ह्यांच्या खोलीकडे गेली.

संध्याकाळी मुलगा आला. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं, आणि दुपारचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं.

"पोरांच्या खेळातल्या नियमावर तू बाबांना मारणार?"

मी विचारलं, बॅटरीने त्यांना काय मिळेल ते तू सांग. तो म्हणाला, ते असतील. मी म्हटलं, "तुला असतील. तू आठवड्यातून दोन तास येतोस."

तो जेवला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, आजी, नीट विचार केलाय ना? मी म्हटलं, तीन वर्षं तेच करतेय. ते म्हणाले, चक्कर येईल, अशक्तपणा वाढेल, एक दिवस थांबेल. त्रास होऊ नये एवढं आम्ही बघू.

अडीच महिन्यांनी मी ह्यांच्या पाठीवर पाणी घालत असताना हे बसल्या जागी कलंडले. जाळण्याआधी छातीतलं मशीन काढावं लागतं, नाहीतर चितेत फुटतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते काढताना मुलगा जवळ उभा होता. मी बाहेर गेले. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

तेराव्यानंतर भांडी लावताना नातीने विचारलं, "आजी, आपलं चुकलं असं वाटतं का तुला?"

ती 'आपलं' म्हणाली. मी तिला सांगितलं, तुझा त्यात काही संबंध नाही, निर्णय माझा होता. आणि वाटतं. सकाळी उठले की वाटतं, बाजूची गादी रिकामी दिसते तेव्हा. मग दंडाकडे बघते. दंड आता साफ आहेत, त्याचंही बरं वाटत नाही.