बांधावरची ढेकळं

दरवर्षी नांगरणीला मी ट्रॅक्टरवाल्याला शेजारचा बांध थोडा कोरून घ्यायला सांगायचो, ही माझी चूक. इस्लामपूरजवळच्या आमच्या उसाला लागून असलेलं ते रान एकेकाळी वडिलांचं होतं. सीलिंगच्या कायद्यात ते सरकारनं काढून घेतलं आणि एका भूमिहीन कुटुंबाला दिलं. आपलंच परत घेतोय, असं मी मनाला सांगायचो.

त्या घरातला म्हातारा रोज दिसायचा, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमचा ट्रॅक्टर पुढं गेला की तो उकिडवा बसून कोरलेल्या बांधाची ढेकळं गोळा करायचा, पुन्हा रचायचा आणि अनवाणी पायानं दाबायचा. भांडायचा नाही. त्याचं रान मात्र अरुंद होत गेलं.

त्याच्या गप्प राहण्याचाच मला राग यायचा. यंदा मी चिडून विचारलं, "एवढं वाटतंय तर मोजणी का आणत न्हाई?"

पायानं माती दाबत तो म्हणाला, "जमीन सरकारनं दिली, मालक. शेजार कुटनं आनू?"

मी ट्रॅक्टर थांबवायला लावला. त्याच्याजवळ बसलो आणि एक ढेकूळ उचललं.

"चुकलं माझं, काका. बांध पयला कुठं हुता, तुमी दाखवा."