मोजे न काढणारा सेफानाया

जगातल्या एखाद्या गोष्टीवर सेफानायाचं मत नाही, असं कधी झालं नव्हतं. सुवा या बेटावरच्या शहरात, बाजारासमोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बावीस माणसांची एक संगणक कंपनी. दुपारी डबे उघडले, उकडलेल्या कसाव्याच्या कंदांची वाफ निघाली, की त्याचं सुरू.

"आपला धंदा म्हणजे काय? आधी माणसाला खुर्चीला बांधायचं. आणि मग खुर्चीतून ऊठ म्हणून सांगणारं घड्याळ त्यालाच विकायचं!"

पोरंपोरी हसायची. तो हसायचा नाही. फ्रिजकडे बोट दाखवायचा. "ते बघा. कोल्ड्रिंक फुकट, नूडल्स फुकट. कुणी एक पपई ठेवलेली बघितलीत? खाली बाजारात ढीग लागलाय पपयांचा. पण माणूस पपई खाऊन आठ तास बसत नाही. साखर पिऊन बसतो."

"मोमो, ऊस आपलाच आहे ना त्यात?" कोणीतरी खोडी काढायचं. मोमो म्हणजे मामा. ऑफिसात सगळे त्याला मोमोच म्हणत.

"ऊस तोडणारा संध्याकाळी आडवा झाला तर बायको पाणी आणून देते. मी आडवा झालो तर म्हणते, दिवसभर बसूनच तर होतास! घाम येत नाही ना, म्हणून संगणकवाला दमला असं कोणी मानतच नाही. आणि ब्रिस्बेनच्या साहेबाचे पाच म्हणजे आपले सात. साहेब घरी गेल्यावर आपण उठायचं, बसस्टँडवर तेलकट काहीतरी खायचं आणि झोपायचं. हीच आपली प्रगती!"

बोलायचा त्याला अधिकार होता. चौपन्न वर्षांचा हा कंदावू बेटावरचा माणूस. टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडण्यात त्याची जवानी गेली. पुढे तारा जमिनीखाली गेल्या आणि खांबांवरची माणसं रस्त्यावर आली. बाकीचे सुरक्षारक्षक झाले. सेफानायानं एक फाटकं पुस्तक मिळवलं आणि दर रविवारी चर्चहून आला की ते घेऊन बसला. तीन वर्षं बसला. कॉलेजचं तोंडही न पाहता प्रोग्राम लिहायला शिकला. ब्रिस्बेनच्या मुख्य कचेरीतले पदवीवाले अडले की फोन सुवाला लावत, आणि सेफानाया आरामात तिसऱ्या घंटेला उचले. तेवढा माज कमावलेला होता.

वर्षापूर्वी त्याच कचेरीनं त्याला एक काम सांगितलं. रोज सकाळी संगणक उघडला की पडद्यावर प्रश्न यायला हवा: आज कसं वाटतंय? खाली तीन चेहरे, हिरवा, पिवळा आणि लाल. एकावर बोट दाबायचं. सगळ्या शाखांचा तक्ता वर जाणार, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या तब्येतीवर लक्ष राहणार.

"हे आमच्याकडे चालायचं नाही," सेफानाया फोनवरच म्हणाला होता. "आमच्याकडे 'कसं काय' हा प्रश्न नसतो, नमस्कार असतो. त्याचं उत्तर एकच, छान. तिरडीवरचा माणूससुद्धा छान म्हणेल."

पलीकडचे हसले. म्हणाले, करून तर बघू. त्यानं लिहून दिलं. पहिल्या दिवशी बावीसच्या बावीस चेहरे हिरवे. डेंग्यूतून उठून आलेल्या तानिएलाचे हात थरथरत होते, त्यानंही हिरवाच दाबला. सेफानाया महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला: बघा, मी म्हणालो नव्हतो?

मग आली पावलांची शर्यत. महिनाभर मनगटाला पट्टा बांधून चालायचं, सगळ्यांत जास्त पावलं टाकेल तो जिंकणार. सेफानायानं तिच्यावरही तोंडसुख घेतलं. "गाय दिवसभर चालते, तिला कोणी पट्टा बांधतं?" पण विशीतला एक पोरगा बोलून गेला, "मोमोंनी भाग नाही घेतला तरी चालेल, वय झालंय." झालं. दुसऱ्या दिवशी मोमो नवे बूट घालून हजर. रोज घरून पायी येणं, पायी जाणं, दुपारी समुद्रकाठच्या भिंतीवरून फेऱ्या. महिनाअखेर पहिला आला. बक्षीस म्हणून पाण्याची बाटली मिळाली, तीही प्लास्टिकची.

नव्या बुटानं उजव्या अंगठ्याला फोड आला होता. पण दुखत नव्हता. दुखत नाही त्याची काळजी कसली? तीन वर्षांपूर्वी एका नर्सनं, रक्तात साखर आहे, असं सांगून गोळ्या दिल्या होत्या. काही महिने घेऊन त्यानं त्या सोडल्या. गोळ्यांवरही त्याचं मत होतंच: तो आणखी एक धंदा, एकदा गिऱ्हाईक झालात की मरेपर्यंत सुटका नाही. त्यापेक्षा सकाळी नोनीच्या फळाचा रस बरा.

फोड फुटला. मग ओला झाला. मग काळा पडू लागला. बायको, उनाइसी, लेकीच्या बाळंतपणासाठी लाउटोकाला गेलेली. रोज तिचा फोन यायचा, कसा आहेस? छान. सेफानाया अंगठ्याला पट्टी गुंडाळायचा आणि वर मोजे चढवायचा. आजवर सुलू, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, नेसून उघड्या सँडलीत ऑफिसला येणारा माणूस आता त्याच सुलूखाली मोजे आणि बूट घालू लागला. कोणी बघितलं की म्हणायचा, "एसी फार करतात हल्ली."

शुक्रवारी काम संपल्यावर सगळे चटईवर बसून यंगोना पीत. ते मुळांचं पाणी जिभेला बधिर करतं आणि मनाला सैल. सेफानायानं तिथं बसणं सोडलं. चटईवर बसायचं तर बूट-मोजे दारात काढायचे, मांडी घालायची. त्यानं त्याचंही मत करून टाकलं. "यंगोना फार झाली की यकृत जातं. मी आता प्रकृतीकडे बघायचं ठरवलंय." लोकांनी मान डोलावली. एवढ्या मताच्या माणसाला कोण विचारणार? आणि मोठ्या माणसाच्या पायाकडे बघून काही बोलायची रीतच नाही तिकडे. या रीतीपायी किती बेटांवर किती पाय गेलेत ते दवाखान्यातल्या बायांना विचारा. कौतुकानं सांगतात लोक, आमची माणसं कुरकुर करत नाहीत! करायला हवी होती.

मोजे चढवल्याच्या पाचव्या आठवड्यात ब्रिस्बेनहून जॅनिन आली. आरोग्याचा तो तक्ता ही तिचीच कल्पना. साठीकडे झुकलेली, बोलायला गोड बाई. पाहुणी आली म्हणजे यंगोना अर्पण करायची, आणि ते भाषण ऑफिसातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानंच करायचं. म्हणजे सेफानायानं. टाळायची सोय नव्हती.

त्यानं बूट दारात काढले. मोजे तसेच ठेवून चटईवर येऊन बसला. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी नजर वळवली. जॅनिनसुद्धा अनवाणी होती. भाषण झालं, टाळ्या पडल्या, पहिली करवंटी पाहुणीनं रिकामी केली. मग जॅनिन बोलली. सगळ्या शाखांत सुवाची माणसं सर्वांत निरोगी आहेत, वर्षभर एकही लाल चेहरा नाही; आता हा तक्ता आपण दुसऱ्या कंपन्यांना विकणार आहोत, आणि त्याचं श्रेय सेफानायाला. टाळ्या. सेफानायानं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एका गोष्टीवर मत देववेना.

विधी संपला, गप्पा सैल झाल्या, आणि वासिती पुढे सरकली.

वासिती मदतकक्षात काम करणारी, चाळिशीची, रेवा नदीकाठची. तिचं गाव आणि सेफानायाचं गाव तौवू, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या थट्टेच्या नात्यात बांधलेली. या नात्यात वय नाही, हुद्दा नाही. कितीही टोचलं तरी दुसऱ्यानं रागवायचं नाही. आणि समोरच्यानं वस्तू मागितली तर नाही म्हणायचं नाही. अंगातला शर्ट मागितला तर शर्ट, गोठ्यातलं डुक्कर मागितलं तर डुक्कर. हसत द्यायचं.

"मोमो मोमो करता सगळे," वासिती मोठ्यानं म्हणाली, "पण या म्हाताऱ्याचे पाय कोणी पाहिलेत का? मला माहितीये काय लपवतोय ते. कंदावूच्या लोकांच्या बोटांमध्ये बदकासारखं कातडं असतं. वल्ही घ्यायची ऐपत नव्हती, पायांनी होडी वल्हवायचे."

हशा झाला. सेफानायालाही जीभ सैल करावीच लागली. "अगं चिखलातले खेकडे खाणारे तुम्ही. आमचे गोरेगोमटे पाय पाहून तुला लाज वाटेल, म्हणून झाकलेत."

"वाटू दे की लाज! काढ."

"थंडी वाजते."

"थंडी! सुवात! ऐका रे, कंदावूला बर्फ पडलं!" लोक चटईवर हात आपटून हसू लागले. वासिती हसता हसता थांबली. "मला ते मोजे पाहिजेत."

"काय?"

"मोजे. मला आवडलेत. मी मागितलेत. दे."

सेफानायानं सगळ्यांकडे पाहिलं. आता नाही म्हटलं तर तो मोज्यांचा प्रश्न राहत नव्हता, गावाचा होत होता. त्यानं डावा मोजा काढून तिच्या अंगावर फेकला. "घे. धुऊन वापर."

"एकाचं काय करू? मी काय लंगडी आहे? दुसरा."

हसणारे अजून हसतच होते. त्यानं उजव्या मोज्याला हात घातला. मोजा टाचेवरून सुटला आणि पुढे अडला. चिकटला होता. वासिती त्याच्या पायाशी जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. कोणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली घेतली, हळूहळू ओतत मोजा भिजवला आणि पट्टीसकट सोडवला.

वास आधी आला. मग अंगठा दिसला. जांभळा-काळा, नखाजवळ ओला. जवळचं बोटही रंगलं होतं. चटईवरचं हसू थांबलं; खालच्या बसस्टँडवरची आरोळी वर ऐकू आली.

"पण तुम्ही तर रोज हिरवा..." जॅनिन म्हणाली.

"हो. रोज," सेफानाया म्हणाला. "आणि तो प्रश्न मीच लिहिलाय."

टॅक्सीत वासिती त्याच्या शेजारी बसली, थट्टा न करता. त्यानंच सुरुवात केली.

"बोल की काहीतरी. बदकाचे पाय म्हण."

"आता नाही. आता तू आजारी आहेस." मग म्हणाली, "मला सोमवारीच कळलं होतं. तुझा कीबोर्ड बदलायला आले तेव्हा. आईच्या पायाला असाच वास होता. तिचा गुडघ्याखालून गेला."

"मग सोमवारीच का नाही बोललीस?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं: छान.

इस्पितळातली डॉक्टर त्याच्या लेकीपेक्षा लहान होती. तिनं त्याला छताकडे बघायला सांगितलं आणि म्हणाली, "तळव्याला दोरा टेकवते. कळला की सांगा." सेफानाया छताकडे बघत राहिला. बराच वेळ गेला. "सुरू कधी करताय?" त्यानं विचारलं.

"झालं की," ती म्हणाली. "दोन्ही पायांना दहा-दहा ठिकाणी टेकवला."

महिनाभर तो दुखत नाही, दुखत नाही म्हणत होता आणि त्यालाच तब्येत समजत होता. खांबावर काम करताना त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं: तार मुकी झाली म्हणजे सगळं आलबेल नसतं, कुठेतरी तुटलेली असते. स्वतःच्या पायाची तार तुटली ते मात्र त्याला समजलं नाही. बावीस माणसांच्या खुशालीचा तक्ता लिहिणारा माणूस!

"अंगठा आजच काढावा लागेल," डॉक्टर म्हणाली. "शेजारचं बोट किती वाचेल ते आत गेल्यावर कळेल. इथं सही करा."

त्यानं तोंड उघडलं. इस्पितळांवर मत होतं, घाई करणाऱ्या डॉक्टरांवर होतं, कापाकापीवर तर फारच होतं. "दोन दिवस थांबलो तर?"

"तर याच कागदावर मी गुडघा लिहीन."

वासिती भिंतीला टेकून उभी होती. सेफानायानं सही केली. मग लाउटोकाला फोन लावला. "उनाइसी, मी बरा नाहीये," म्हणाला. ती म्हणाली, "पहिली बस धरते," आणि त्याला काही सांगायची संधी न देता फोन ठेवून दिला.

अंगठा गेला, शेजारचं अर्धं बोट गेलं. पाय राहिला.

जॅनिननं तक्ता विकायचा बेत मागे घेतला. आता काय करावं, म्हणून तिनं त्याला विचारलं. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. महिन्यातून एकदा नर्स पाठवा, ती सगळ्यांना चटईवर बसवून पाय बघेल. आणि तो फ्रिज उचला. नर्स आली. फ्रिज आहे तिथंच आहे. कंपन्यांचं असंच असतं, जिथून जखम होते तिथं हात लावायचा नसतो.

ड्रेसिंगसाठी एक दिवसाआड आरोग्यकेंद्रात जावं लागे. एका सकाळी बाकावर शेजारी एक बसड्रायव्हर येऊन बसला. एका पायात सपात, दुसऱ्यात दोऱ्या सोडलेला कॅन्व्हासचा बूट.

"नंबर कितवा तुमचा?" सेफानायानं विचारलं.

"माझा नाही. बहिणीला सोडायला आलोय." बूट बाकाखाली ओढला गेला.

सेफानायाच्या जिभेवर निदान पाच मतं तयार होती. ड्रायव्हरच्या सीटवर, पावावर, बसमालकांवर. त्यानं ती गिळली. वाकून आपल्या पायाची पट्टी सोडली आणि पाय उचलून बाकावर, दोघांच्या मध्ये ठेवला.

ड्रायव्हरनं दाराबाहेर पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं, आणि बघतच राहिला.

"फार दुखलं असेल," तो म्हणाला.

"नाही रे," सेफानाया म्हणाला. "अजिबात नाही. तेच तर."