उपदेश करायचा नाही

मी सावकाश बोलतो. लहानपणापासूनच. बदलापुरात, मांजर्लीच्या कट्ट्यावर आम्ही म्हातारे बसतो, तेव्हा मी एखादा किस्सा सुरू करतो आणि माझं पहिलं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचे दोन किस्से सांगून होतात! त्यामुळे माझे सगळे आतच राहिले, एकावर एक साठत गेले. परवा सून म्हणाली, "बाबा, लिहून काढा की. कागद काही मध्येच बोलत नाही." चौथी शिकलेला माणूस मी. पण तिचं म्हणणं पटलं.

नोकरी माझी शिपायाची. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका सायकलच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे एका ट्रस्टने समुपदेशन केंद्र काढलं होतं. लोकांनी यायचं, मन मोकळं करायचं, आणि मुंबईच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी ते ऐकायला शिकायचं. तेच त्यांचं प्रॅक्टिकल. त्यांच्यावर देखरेख कुमुद मॅडमची. ऐंशीनंतरची ती वर्षं. आज तिथे मोबाइलची दुकानं आहेत.

मॅडमचा पहिला नियम होता, उपदेश करायचा नाही. माणूस बोलेल, तुम्ही ऐका.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, समुपदेशन..."

मॅडम थांबल्या. माझ्यासाठी थांबणाऱ्या त्या एकट्याच.

"...म्हणजे उपदेश तर नावातच आहे की!"

"म्हणून तर नियम करावा लागला, भिकाजी!"

* * *

समुपदेशन हा शब्द कोणाला बोलता येईना. म्हणून ट्रस्टने पाटी बदलली आणि मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं, 'कौन्सेलिंग सेंटर'.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर ही रांग! मॅडम खूश झाल्या. पण रांगेतल्या लोकांच्या हातात बादल्या कशासाठी, ते मला कळेना. मग उलगडा झाला. लोकांनी पाटीवर 'कौन्सिल' एवढंच वाचलं होतं. त्यांना वाटलं, नगरपालिकेने तक्रारीसाठी ऑफिस उघडलं!

सगळ्यात पुढे एक सिंधी दुकानदार होते. आत मिलिंद नावाचा मुलगा होता, फार सिन्सियर. त्याने त्यांना बसवलं, स्वतः पुढे वाकला आणि शिकवल्याप्रमाणे मऊ आवाजात विचारलं, "साईं, पानी नहीं आता, इस बारे में आपको कैसा लगता है?"

दुकानदारांनी रिकामी बादली उलटी करून दाखवली.

"लगेगा क्या? प्यास लगती है!"

* * *

खऱ्या माणसासमोर बसवण्याआधी मॅडम पोरांना माझ्यासमोर बसवायच्या. मी खोटा क्लायंट. "भिकाजीचं वाक्य संपेपर्यंत जो थांबेल, तो कोणासाठीही थांबेल," असं त्या म्हणायच्या.

मिलिंद बसला. मी सुरुवात केली, "माझी बायको..."

"सोडून गेली?"

मी नाही म्हणून मान हलवली. "ती रोज..."

"भांडते?"

"रोज सकाळी..."

"काका, मारते का? मोकळेपणी सांगा. मला काही वाटणार नाही!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मिलिंद, त्यांना वाक्य संपवू दे."

"माझी बायको रोज सकाळी मला भाकरी बांधून देते."

मिलिंद गोंधळला. "मग प्रॉब्लेम काय आहे?"

"मी कुठे म्हटलं प्रॉब्लेम आहे?"

घरी जाऊन हे बायकोला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली, आणि पुढचे कित्येक दिवस डब्यात चटणी जरा जास्तच येत होती. आता ती नाही. भाकरी सून देते. तीही चांगली असते.

* * *

या सगळ्यांत माझा जीव गुंतला तो वंदनामध्ये. बदलापूरची, कुळगावात दिलेली. सासऱ्यांनी कसंबसं एक वर्ष दिलं होतं, "एका वर्षात होईल ते शिक, मग घर बघ," या अटीवर. पास झाली तर अंबरनाथच्या एका शाळेत नोकरी मिळणार होती. नापास झाली तर दुसरं वर्ष मिळणार नव्हतं.

पोरगी मायाळू होती. अडचण एकच, तोंड गप्प बसायचं नाही. समोरच्याने दुःख सांगितलं रे सांगितलं की हिचा उपाय तयार!

एकदा एक रिक्षावाला आला. बायको बोलत नाही म्हणाला. वंदना लगेच म्हणाली, "दादा, एक छानशी साडी घेऊन जा. सॉरी म्हणा. बघा कशी बोलते!"

दुसऱ्या दिवशी तो परत आला. कपाळावर टेंगूळ.

"बोलली का हो?" वंदनाने विचारलं.

"बोलली ना ताई! रात्रभर बोलली. लग्नापासून कधी साडी आणली नाही, मग ही आधी कोणासाठी घेतली होती, ते सांग म्हणते!"

मॅडमनी वंदनाला आत बोलावलं. दार उघडंच होतं. "परीक्षेच्या दिवशी मी तुझ्या मागे बसणार. एक पूर्ण बैठक, एकही सल्ला न देता. दिलास तर मी सही करणार नाही. नाइलाज आहे, बाळ."

वंदना बाहेर आली. मी चहा दिला तर म्हणाली, "काका, मला नाही जमायचं हो. आमच्याकडे गप्प बसलेल्या बाईला आजारी समजतात!"

* * *

पोरांना अजून एक शिकवायचे. समोरचा जे बोलेल तेच आपल्या शब्दांत परत म्हणायचं, म्हणजे त्याला वाटतं, आपलं ऐकलं गेलं.

अंबरनाथहून एक आजोबा आले. समोर पुन्हा मिलिंदच.

"पोरगा माझं ऐकत नाय."

"म्हणजे मुलगा तुमचं ऐकत नाही, असं तुम्हाला वाटतं."

"वाटत नाय. नायच ऐकत."

"अच्छा. म्हणजे तो अजिबातच ऐकत नाही."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. "याला कमी ऐकू येतं का रे?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ते जे ओरडायला लागले! पोरगा कामाला जात नाय, पोरगा पत्ते खेळतो, पोरगा आईला उलटं बोलतो. खाली सायकलवाल्याने पंप थांबवला. समोरच्या पापडवाल्या बाया गॅलरीत आल्या. मिलिंद बिचारा एकेक वाक्य परत म्हणतोय आणि आजोबा अजून जोर लावतायत!

शेवटी जिन्यावर पावलं वाजली. त्यांना सोडायला आलेला मुलगाच खाली उभा होता. लालेलाल होऊन आत आला आणि हात जोडले.

"बाबा, ऐकलं! अख्ख्या कॅम्पनं ऐकलं! चला आता घरी."

* * *

शैला नावाची एक मुलगी होती, अगदी हळवी. एक बाई तिला नवऱ्याच्या बंद पडलेल्या कारखान्याची हकिकत सांगत होत्या. सांगता सांगता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून शैला जी रडायला लागली, ती थांबेचना. बाई स्वतःचं रडणं विसरल्या. उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. "उगी, पोरी, उगी. होतं सगळं नीट." मला म्हणाल्या, "भाऊ, हिला जरा साखर घालून चहा द्या."

जाताना बाई अगदी हलक्या होऊन गेल्या.

मॅडम म्हणाल्या, "कौन्सेलिंग उत्तम झालं. कोणी कोणाचं केलं, तेवढं विचारू नका."

* * *

वंदनाची तयारी चालली होती. कोणी तरी तिला सांगितलं, तोंडात खडीसाखर धर, म्हणजे मध्ये बोलणार नाहीस. तिने धरली. समोर एक शाळकरी मुलगी होती, मार्कांचं दुःख सांगत होती. जरा वेळाने ती थांबली आणि म्हणाली, "ताई, एकटीच खाताय?"

दोघींनी मिळून पुडी संपवली. आणि पुडी संपल्यावर वंदनाने तिला अभ्यासाचं टाइमटेबल करून दिलं!

* * *

परीक्षेचा गुरुवार आला. वंदना खुर्चीत, मॅडम तिच्या मागे कोपऱ्यात. ठरलेल्या बाई आल्याच नाहीत. आल्या त्या गल्लीतल्याच एक सिंधी अम्मा. पांढरा दुपट्टा, हातात काठी. बसल्या आणि सुरू झाल्या, अस्सल सिंधीत!

आम्हा कॅम्पात काम करणाऱ्यांना भाजीबाजारापुरती सिंधी कळते. वंदनाला तेवढीही नाही, मॅडम तर दादरच्या. वंदनाने मागे वळून बघितलं. मॅडमनी हातानेच खुणावलं, बस. मी दार ओढून घेतलं.

अम्मा बोलत होत्या. मध्ये आवाज चढला, मध्ये रडण्याचा आला. दार उघडलं तेव्हा अम्मांचा हात वंदनाच्या हातात होता. वंदनाच्या डोळ्यांत पाणी होतं. अम्मा तिच्या गालाला हात लावून, "डाढो सुठो, पुट," म्हणाल्या आणि काठी टेकत उतरून गेल्या. फार छान, बाळा, एवढं मलाही कळलं.

पण मॅडम विचारात पडल्या. "वंदना, तू गप्प बसलीस ते खरं. पण भाषाच कळली नाही म्हणून बसलीस, तर पास कसं करू? पुढच्या गुरुवारी पुन्हा बसू."

तो आठवडा वंदनाने कसा काढला, तिचं तिला माहीत.

पुढच्या गुरुवारी तिच्या क्लायंटच्या आधीच अम्मा वर आल्या. सोबत एक तरुण बाई, हातात मिठाईचा डबा. ती हिंदीत म्हणाली, "मैं इनकी बहू हूँ. महीनों से अम्मा मुझसे बात नहीं करती थी. उस दिन यहाँ से घर आई और सीधा बोली, चल, चाय बना, दोनों पिएँगे." मग वंदनाकडे वळली. "अम्मा बोलती है, इतनी अच्छी सलाह आज तक किसी ने नहीं दी!"

सलाह! वंदना पांढरीफटक पडली. "मॅडम, शपथ! मी एक शब्दसुद्धा बोलले नाही!"

"माहीत आहे मला. मी मागेच होते ना."

मॅडमनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि सही केली. वंदनाने ती सही दोनदा वाचली. मी पाणी आणायला वळलो, पण पाय निघेना. कारण मॅडमनाही राहवलं नव्हतं. त्या सुनेला म्हणाल्या, "इनसे पूछो तो सही, कौनसी सलाह दी इसने?"

सुनेने सिंधीत विचारलं. अम्मांनी आधी मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वंदनाकडे बघून हसल्या आणि सुनेच्या कानात काही तरी पुटपुटल्या.

सून म्हणाली, "अम्मा बोलती है, वो हम दोनों के बीच की बात है. बाहर नहीं बोलने का!"