मोहिमेला पुन्हा मादलविनच

म्यूज नदीकाठच्या मादलविनला मोहीम जणू पाचवीलाच पुजली होती. ज्याच्या मालकीची जमीन, त्याने राजासाठी स्वखर्चाने लढायला जायचं, असा कायदा. जमीन थोडी असेल तर तिघांनी मिळून एकाला पाठवायचं आणि मागे राहणाऱ्या दोघांनी त्याला पीठ, कपडे, हत्यार पुरवायचं. मादलविन, तेउटबर्ट आणि आन्सगिस आळीपाळीने जाणार होते. पहिल्या वर्षी मादलविन गेला. दुसऱ्या वर्षी आन्सगिसचा पाय मोडला, म्हणून पुन्हा मादलविनच गेला. यंदा तेउटबर्टची पाळी होती.

आणि सरदाराचा कारभारी गुंडाकर दारात उभा राहिला तो मादलविनचंच नाव घेऊन.

"तेउटबर्टला सांगा की! माझंच घर बरं सापडतं तुम्हाला?"

"तेउटबर्टनं जमीन सरदारांना दिली," गुंडाकर म्हणाला. "शेत तोच कसतो, पण मोहिमेची कटकट गेली. तूही शहाणा हो."

मादलविनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? राजाने मागितली होती माणसं, आणि हा सरदार गोळा करत होता जमिनी! जो देईल तो घरी, जो देणार नाही तो दरवर्षी राजाच्या शत्रूंच्या, सॅक्सनांच्या पुढ्यात. वर तोंड करून याला कायदा म्हणायचं!

लिंडनच्या झाडाखाली सभा भरली, तेव्हा मादलविन सगळ्यांसमोर हे बोलला. स्वतंत्र माणसाला तिथे बोलायचा हक्क असतो. फक्त न्यायाला खुद्द सरदारच बसलेला असतो.

"राजाचा हुकूम मोडतोस? मग दंड भर. बैल विकलेस तरी फिटायचा नाही," सरदार म्हणाला. शेजारीपाजारी हळूच मागे सरकले. त्यातल्या निम्म्यांच्या जमिनी केव्हाच गेल्या होत्या.

घरी बायको, रोटलिंड, वाट बघत होती. "गेल्या साली तुम्ही नव्हता, तर निम्मं रान पडीक राहिलं. पोरांना ओकची फळं दळून घातली मी. आता नाही हो माझ्याच्यानं होत. देऊन टाका."

मादलविनने बांधावरून मातीचं ढेकूळ काढलं, त्यात एक डहाळी खोचली आणि चारचौघांत सरदाराच्या हाती ठेवलं. जमीन द्यायची ती अशीच. तो तिथेच रडला. कोण रडलं नसतं?

पुढच्या रविवारी तो चर्चला निघाला, तो सवयीने भाला खांद्यावर टाकूनच. त्याचा बाप असाच जायचा; भाला ही स्वतंत्र माणसाची खूण. गुंडाकरने त्याला चर्चच्या दारातच अडवलं.

"सरदारांच्या माणसाला भाला चालत नाही."

"अहो, मी जमीन दिली. स्वतःला कुठं दिलं?"

गुंडाकर खो खो हसला. गुलामाच्या हाती भाला सापडला तर तो त्याच्याच पाठीवर मोडायचा, असा नियम. मादलविनला गुलाम कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. विचारायचं तरी कुणाला? त्या झाडाखालच्या सरदाराला?

मादलविनचे हात धरायला गुंडाकरच्या माणसांनी तेउटबर्टलाच पुढे ढकललं. त्याने ते घट्ट धरले आणि मादलविनच्या कानाशी लागून म्हणाला, "हलू नकोस, गड्या. माझ्या वेळी मी हललो होतो."