धुतलेलं बॅसून

मंडळी, दुपारी फुलंब्रीहून चिकलठाण्याला परत आलोय, पण डोकं अजून जाग्यावर नाय.

आज माझ्या बॅसूनच्या गुरूंचं, म्हणजे काकांचं, तेरावं होतं. आयुष्यभर लष्करी बँडमध्ये होते. बॅसून म्हणजे छातीएवढं उंच लाकडी फुंकवाद्य, आवाज खर्जातला. काका मला आधी खास बॅसूनसाठी लिहिलेल्या रचनाच वाजवायला लावायचे. "वाद्याची बोली कळू दे, मग त्यात आपलं बसव," म्हणायचे. शेवटी त्यांनी स्वतःच्या आईची जात्यावरची ओवी बॅसूनसाठी बसवली. ती आज मी त्यांच्याच वाद्यावर वाजवणार होतो.

काकूंनी वाद्य आणून दिलं. एकदम लख्ख.

"सुतक फिटलं तसं घरातलं सगळं धुतलं बघ. ह्यांचं हे बी गरम पाण्यानं घासलं आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवलं."

लाकडाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती.

तरी फुंकलं. ओवीच्या पहिल्याच सुराला नुसती फुस्स हवा निघाली. पाहुणे माना खाली घालून बसले.

काकूंनी हळूच विचारलं, "आमच्याकडून बिघडलं का रं?"

"नाय काकू. आज मलाच दम पुरत नाय."

त्यांनी ते पदरानं पुसलं, जपून पेटीत ठेवलं आणि म्हणाल्या, "मग वर्षश्राद्धाला वाजव."

तुम्हीच सांगा, तेव्हा काय बोलू?