सिउकिम मावशींचा खुनी

सिउकिम मावशींच्या टॉवेलच्या गोदामात आम्ही बरीच माणसं मारली. एक निवृत्त बँडमास्तर, पाण्याचं मीटर बघायला आलेला एक माणूस, आणि अगदी शेवटी शेंगदाण्याच्या तेलघाण्याचा मालक. गोदाम त्या कामाला फार सोयीचं. तैवानातल्या आमच्या हुवेई गावचे टॉवेल जाड असतात. चारी भिंतींना छतापर्यंत गठ्ठे रचले की आवाज त्यांच्यात शिरतो तो परत बाहेर येत नाही. तैपेईत अशा खोलीसाठी लोक भिंतींना फोम चिकटवत बसतात. आम्हाला ती मावशींनी आपणहून दिली, एका अटीवर.

"दार, पाऊस, पावलं, सगळं मी वाजवणार," त्या म्हणाल्या. "आणि मुडदाही माझा."

"मुडद्याला काय काम असतं, मावशी?" मी विचारलं.

"पडायचं. पण असं पडायचं की ऐकणाऱ्याला वजन कळलं पाहिजे."

आणि त्यांनी ओल्या टॉवेलची वळकटी खांद्यावरून जमिनीवर टाकली. आमचा लिहिणारा-बसवणारा यान-चेंग कानाला हेडफोन लावून बसला होता. तो दचकून मागे वळला, कोण पडलं ते बघायला.

आमच्या नाटकाचं नाव 'शोध चालू आहे'. पॉडकास्टवर यायचं. मिस्टर कू आणि मिस लो हे दोघे स्वतःच पॉडकास्टवाले. माइक घेऊन गावोगाव फिरायचं, जुने खून उकरायचे आणि प्रत्येक भागात भलत्याच माणसाला पकडायचं, हा त्यांचा धंदा. त्यामुळे प्रत्येक भागाची सुरुवात मागच्या भागातल्या माणसाच्या जाहीर माफीनं व्हायची. पुरुषांचे सगळे आवाज पो-वेई काढायचा, बायकांचे मी.

फक्त एक गोष्ट यान-चेंगला सलायची. रेकॉर्डिंगच्या आधी मावशी जुन्या खेळांच्या रिवाजाप्रमाणे झांजा वाजवून तीन देवपुरुषांच्या तोंडून ऐकणाऱ्यांना दीर्घायुष्य, संतती आणि बढती देऊन टाकायच्या.

"मावशी, खुनाची गोष्ट आहे."

"म्हणूनच. आधी आशीर्वाद, मग खून. उलटं केलंस तर तुझ्याच अंगावर येईल."

एकदा त्यानं आशीर्वाद कापले. त्याच दुपारी त्याचा लॅपटॉप पपईच्या मिल्कशेकमध्ये बुडाला. तेव्हापासून आशीर्वाद राहिले.

हे सगळं मावशींच्या अंगात आलं होतं बापाकडून. बाप हातबाहुल्यांचा खेळ करायचा. त्या खेळात बाहुल्या किती का असेनात, घसा एकच. राजा, राणी, भिक्षू, दरोडेखोर, म्हातारी, सगळे एकाच माणसाच्या तोंडून बोलतात. सिउकिम लहानपणापासून मंचाच्या मागे बाकाखाली बसून बापाच्या हाती बाहुल्या द्यायची. पुढे बापाचा घसा उतरायला लागला तसं बायकांचं बोलणं ती खालून बोलायला लागली. बाप फक्त ओठ हलवायचा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची राणी काय गोड बोलते.

बाप गेला आणि माइक धाकट्या भावाकडे गेला. तिएन-शेंगकडे. त्याला सगळे आवाज शिकवले ते सिउकिमनं. तरी ते त्याला पेलले नाहीत, म्हणून तो बापाच्या जुन्या रेकॉर्ड लावून नुसत्या बाहुल्या नाचवायला लागला. आता मंच बसवलेली त्याची गाडी रेकॉर्ड वाजवत रस्त्यानं गेली की मावशी टॉवेलच्या घड्या घालता घालता थांबतात. त्या रेकॉर्डमध्ये राणी बोलते ती त्यांच्याच तरुणपणीच्या आवाजात.

"चांगली बोलायची नाही का, पोरगी," एवढंच त्या म्हणतात, आणि पुढचा टॉवेल घेतात.

तेलघाण्याच्या खुनाचा शेवटचा भाग तेवढा राहिला होता आणि पो-वेईला तैपेईत जाहिरातींचं काम मिळालं. तो निरोप घ्यायला आला, शेंगदाण्याच्या वड्या देऊन गेला. यान-चेंग गठ्ठ्यावर बसून वड्या खात राहिला आणि वड्या संपल्यावर म्हणाला, "बंद करू या. तसंही ऐकतंय कोण. माझी आई ऐकते, आणि तीही चालू करून झोपते."

"बंद करता येणार नाही," मावशी म्हणाल्या.

"का?"

"पहिल्या दिवशी मी नाटकवाल्यांच्या देवाला उदबत्ती लावली होती. खेळ सुरू करतोय म्हणून सांगितलं. संपवल्याशिवाय कसा बंद करणार?"

"मला कुठं विचारलंत?"

"तू देव आहेस का?"

यान-चेंगनं माझ्याकडे पाहिलं. मी वडीचा कागद बघत बसले.

"बाबांचा खेळ असायचा तेव्हा पाऊस आला, माणसं घरी गेली, कुत्रंसुद्धा बाकाखाली शिरलं, तरी खेळ चालूच," मावशी म्हणाल्या. "समोर देऊळ होतं ना. ज्याच्यासाठी करतोय तो बसलाय, मग थांबायचं कशाला? शेवटचा भाग मी करते. सगळे आवाज. आपल्या गल्लीच्या तोंडाशी राखणदार देवाचं देऊळ आहे, त्याचा वाढदिवस येतोय. त्या दिवशी शटर उघडं ठेवून त्याच्यासमोर बोलायचं, आणि तेच तुझ्या त्या यंत्रात भर."

"बायकांचे मी बोलते ना," मी म्हटलं.

"तू मागे बस. पावलं वाजव."

"मावशी, मी नाटकाची पदवी घेतलीय."

"मग पावलं चांगली वाजवशील. हे बघ पोरी, एक खेळ, एक घसा. अर्धा तुझा, अर्धा माझा असं नसतं."

त्यांचा चेहरा बघून मी वाद घातला नाही. इतकी वर्षं बाकाखाली काढलेली बाई पहिल्यांदा वर येऊन बसायला जागा मागत होती. ही जागा गेली तर दुसरी कुठून येणार होती?

"आणि पो-वेईचा आवाज ऐकलेले लोक काय म्हणतील?" यान-चेंगनं शेवटचा प्रयत्न केला.

"सुरुवातीला माफी माग. तुझं नाटक दर वेळी तेच तर करतं."

तालीम सुरू झाली आणि मावशींनी आम्हाला गार केलं. मिस्टर कूचा आगाऊपणा, मिस लोचं नाकात बोलणं, तेलवाल्याची विधवा, पोलीस, मासेवाली, सगळी मंडळी त्या एका बुटक्या बाईतून एकामागून एक बाहेर पडत होती. मग गोष्टीत शेजारी लिन आला. मयताला रोज सूप आणून देणारा भला माणूस. मावशींनी घसा खाकरला आणि दगडावर फावडं ओढावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "आजचं सूप गरम आहे हो, शेजारी."

यान-चेंगनं हेडफोन काढले. "मावशी, हा चांगला माणूस आहे."

"कुठला चांगला? त्यानंच मारलंय. सुपात औषध घालून. तूच लिहिलंयस."

"हो, पण ते शेवटच्या पानावर कळतं."

"मला तर आत्ताच माहीत आहे."

"ऐकणाऱ्याला माहीत नाही. त्याच्यापासून लपवायचं."

"म्हणजे इतका वेळ मी खोटं बोलायचं?"

"हो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, जणू यान-चेंग काही घाण बोलला होता. "बाबा सांगायचे, खलनायक पडद्यामागे खोकला तरी पुढच्या पोरांनी आईच्या मांडीत तोंड लपवलं पाहिजे. प्रेक्षकाला फसवायचं नाही."

"इथे फसायलाच प्रेक्षक येतो, मावशी."

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा फावडं. साखर घालून केलं, तर साखर लावलेलं फावडं. वाईट माणूस तोंडात आला की घसा आपोआप खाली उतरायचा. जिथे बापानं बसवला होता तिथेच जाऊन बसायचा. शेवटी यान-चेंगनं हात टेकले. "वाढदिवसापर्यंत हा शेजारी सापडला नाही तर बंद. देवाची माफी मी मागतो."

"सापडेल," मावशी म्हणाल्या. "कुठं जातोय."

मग त्यांनी शेजारी शोधायला सुरुवात केली. मासळीबाजारात मिल्कफिश विकणाऱ्याशी उगाच गप्पा मारल्या. "हा नाही. हा लबाड आहे पण ते ऐकू येतं." दवाखान्यात कंपाउंडरशी बोलल्या. "हा चांगलाच आहे. काही उपयोग नाही." सुपारी चघळत देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना तर त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्यापैकी आतून वाईट कोण आहे?" एकानं प्रामाणिकपणे हात वर केला. त्याचाही आवाज त्यांना पसंत पडला नाही.

देवाचा वाढदिवस जवळ आला तशा त्या मला म्हणाल्या, "चल, तिएन-शेंगकडे. मंचाची गाडी मागू. उंचावरून बोलले तर जमेल कदाचित."

तिएन-शेंग गाडीच्या सावलीत बसून बाहुल्यांचे झगे विंचरत होता. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. आम्हाला बघून उठला, स्टूल पुसून दिलं, थंड चहा आणला. मावशींनी गाडी मागितली, कशाला ते सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई," तो म्हणाला, "आता ह्या वयात कशाला गं? घसा जाईल तुझा. जन्मभर कष्टच केलेस, जरा बस की आता. मी आहे ना. बाबांची रेकॉर्ड आहे. तुला त्रास होऊ नये एवढंच माझं म्हणणं."

इतक्या मायेनं बोलला की मलाच वाटलं, खरंच, कशाला दमवायचं बिचारीला. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी मान एका बाजूला कलती केली होती, मंचाच्या मागे झांजेचा इशारा ऐकावा तशी.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता म्हणालास ते."

"तुला त्रास होऊ नये, एवढंच म्हणतोय."

"हं." मावशी उठल्या. "चहा छान होता. गाडी राहू दे."

वाटेत उसाच्या शेताकडेनं स्कूटर चालवताना मी म्हटलं, "नाही म्हणाले तरी किती गोड बोलतात हो तुमचे भाऊ."

बरंच पुढे गेल्यावर त्या बोलल्या, "बाबा गेले त्या दिवशी असंच बोलला होता. ताई, दमली असशील, तो माइक दे इकडे. मी देऊन टाकला. वर म्हटलं, किती काळजी करतो माझी." आणि थोड्या वेळानं, "त्याला खरंच काळजी असते गं. तीच तर गंमत आहे."

मग माझ्या कानाशी कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं, "आजचं सूप गरम आहे हो, शेजारी. पिऊन घ्या. तुम्हाला त्रास नको."

मी स्कूटर थांबवली. मला खरंच उतरून चालावंसं वाटलं.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी शटर वर गेलं. गल्लीत लाल प्लास्टिकची स्टुलं मांडली होती. म्हातारे सुपारीसकट आले, मासेवाली आली, शेजारची पोरं आली आणि कुरमुऱ्याच्या मिठाईचं ताट येईपर्यंत तरी थांबू असं ठरवून बसली. गल्लीच्या तोंडाशी देवापुढे उदबत्त्यांचा धूर निघत होता. मावशी आंघोळ करून, केस घट्ट बांधून माइकसमोर बसल्या. मी मागे, गठ्ठ्यांच्या खाली, बूट, पत्रा आणि ओल्या टॉवेलची वळकटी घेऊन. तिथून फक्त त्यांची पाठ दिसते. इतकी वर्षं त्यांनी बापाची हीच पाठ बघितली असणार.

झांजा झाल्या, दीर्घायुष्य वाटून झालं, माफी मागून झाली. खेळ सुरू झाला.

मिस्टर कूनं विधवेवर संशय घेतला तेव्हा म्हातारे माना डोलवत होते. मासेवाली आली तेव्हा खरी मासेवाली म्हणाली, "मी अशी बोलत नाही," आणि सगळे हसले, कारण ती अगदी तशीच बोलली होती. मग लिन सूप घेऊन आला. आवाज मऊ, टॉवेलसारखा. त्या दिवशी हात वर केलेला म्हातारा बाजूच्याला म्हणाला, "असा शेजारी पाहिजे."

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला हेल्मेट घातलेला तिएन-शेंग दिसला. स्कूटर त्यानं देवळापाशी लावली होती, तुकू गावातल्या खेळाला निघाला असावा. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मावशींनी त्याला पाहिलं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते, आता आवाज हलणार म्हणून. लिनची जागा पुन्हा आली. ती पाठ जराही वाकली नाही. लिन आणखीच मायाळू झाला.

शेवटी मिस लोनं चुकून, अगदी चुकूनच, खऱ्या खुन्याचं नाव घेतलं, तेव्हा म्हातारे भडकले. "छे, त्याचं नाव का घेते ही बया?" मग लिननं त्याच मऊ आवाजात कबुली दिली. आवाज बदलला नाही. "रोज दमून यायचे बिचारे. म्हटलं, आता बसा जरा." एक पोरगं आईच्या मांडीत शिरलं. मी वळकटी टाकली. मुडदा पडला.

लोक मिठाईकडे वळल्यावर तिएन-शेंग आत आला. हेल्मेट काढून गठ्ठ्यावर बसला. त्याचे डोळे ओले होते.

"ताई, शेवटपर्यंत कळलं नाही गं मला. तो किती चांगला बोलत होता."

"चांगलाच बोलतो तो."

"आणि राणीचा आवाज आहे अजून तुझ्यात. मिस लो बोलली तेव्हा मला रेकॉर्ड लावल्यासारखं वाटलं." तो पुढे झुकून म्हणाला, "पण घसा जप हां, ताई. दमली असशील. बस आता जरा."

माझ्या हातातला बूट पडला. यान-चेंग हेडफोनच्या वायरीत काहीतरी शोधायला लागला.

"सूप आणलंयस का?" मावशींनी विचारलं.

"सूप? नाही."

"मग बरं. चहा मी करते." त्या उठल्या आणि किटली घेता घेता थांबल्या. "तुकूला आज खेळ आहे ना तुझा? रेकॉर्ड इथे ठेव. बाहुल्या तू नाचव, बोलते मी."

"पण ताई, तुला त्रास..."

"तिएन-शेंग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, यान-चेंगकडे पाहिलं, आम्ही दोघांनी टॉवेलकडे पाहिलं. मग त्यानं पिशवीतून रेकॉर्डचा डबा काढून पांढऱ्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

"मागे बाहुल्या कोण देणार?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"ही देईल," मावशी म्हणाल्या. "पदवी आहे तिच्याकडे."