गिदुदूचं थोडंसं दुखणं

गिदुदू गवंड्याचं डोकं दुखायचं. रोज दुपारी चारच्या ठोक्याला. उजव्या डोळ्यामागे कुणी तापलेली सळई खुपसावी तसं. मग हा सहा फुटी गडी घरात शिरून आतून कडी लावायचा आणि भिंतीवर डोकं आपटायचा. तासाभराने बाहेर यायचा, तोंड धुवायचा आणि परत विटा रचायला जायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "थोडं दुखतंय."

या 'थोडं'नेच घात केला. आमच्या डोंगरावर पोरांची सुंता अंगणात होते, उभ्याने, सगळ्या गावासमोर. सुरी चालताना पापणी लवली तरी जन्माची नाचक्की. गिदुदूची लवली नव्हती. वीस वर्षं झाली तरी थोरला भाऊ वेपुखुलू नाचणीच्या दारूच्या मडक्याभोवती बसला की तेच पुराण लावतो. असला माणूस डॉक्टरपुढे काय रडणार, कपाळ!

म्हणून एकाने हिवतापाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने चष्मा गळ्यात मारला. तिसऱ्या गाढवाने दोन धडधाकट दाढा उपटल्या. पाद्रीबुवांनी डोक्यावर हात दाबून भूत काढलं. मेल्यांनो, किती वाजता दुखतं एवढं तरी विचारायचं! एकानेही विचारलं नाही.

बायको खाइंझा सगळं गिळत होती. पण एके दिवशी कडी काढून तो बाहेर आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "उद्या पुन्हा चार वाजणार असतील, तर मला जगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने खिडकीच्या फटीला मोबाईल लावला.

नसांच्या दुखण्याची मोठी डॉक्टर राजधानीत, कंपालाला बसते, हे तिला डोंगराखालच्या म्बाले शहरातल्या एका नर्सने सांगितलं होतं. निघताना वेपुखुलू फाटकात आडवा आला. "डोकं दुखतं म्हणून कंपाला? बांगड्या भर!"

"तुमच्या जिभेला हाड नाही भाऊजी, बाजूला व्हा," खाइंझा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं नाव नान्तुमे. त्यांनी विचारलं, "कसं दुखतं?"

"थोडं."

बाईंनी मान हलवून पेन उचललं. खाइंझाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने व्हिडिओ सुरू करून मोबाईल टेबलावर आपटला.

"खबरदार!" गिदुदू ओरडला. पण मोबाईलमधला गिदुदू त्याहून मोठ्याने ओरडला. बाहेरची रांग दारातून डोकावू लागली.

नान्तुमेबाईंनी ते दोनदा पाहिलं. "एकच डोळा लाल, त्यातूनच पाणी, पापणी उतरलेली. आणि हे एका जागी ठरत नाहीत. अर्धशिशी असती तर अंधारात पडून राहिले असते. रोज याच वेळी?"

"चार वाजता," खाइंझा म्हणाली.

"क्लस्टर डोकेदुखी आहे ही." बाईंनी बॅटरी मारून त्याच्या तोंडात पाहिलं. "दाढा कुणी काढल्या? लाज नाही वाटत या लोकांना!" बाईंनी पूर्ण तपासणी केली, मग रोजच्या गोळ्या लिहिल्या आणि म्बालेच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. कळ आली की लगेच मास्क लावून पंधरा मिनिटं ऑक्सिजन.

परतीच्या बसमध्ये तो तोंड फिरवून बसला. अख्ख्या वाटेत एकच वाक्य बोलला. "मला नागडं केलंस."

"केलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पावणेचारलाच तिने त्याला दवाखान्यात नेऊन बसवलं. कळ आली. सिलिंडरवरची नर्स फणकारली, "याला कुठे दम लागलाय? ऑक्सिजन काय वाटायला ठेवलाय?"

"चिठ्ठी वाचता येते ना? वाच आधी!" खाइंझा कडाडली.

नर्सने वाचली आणि कुरकुरत मास्क लावला. गिदुदूने खाटेची कड गच्च धरली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग त्याची बोटं सुटली. त्याने मास्क काढून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं. वर्षभरात या वेळी तो पहिल्यांदा स्वस्थ बसला होता.

खाइंझाला रडू आलं. त्याला नाही.

"तो व्हिडिओ पुसून टाक," तो म्हणाला.

"नाही पुसत. ज्या दिवशी डॉक्टरपुढे पुन्हा 'थोडं' म्हणाल, त्या दिवशी दारूच्या मडक्याभोवती अख्ख्या भावकीला दाखवीन. पहिल्यांदा तुमच्या वेपुखुलूला."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी असती तर उठून माहेरी गेली असती. ही हलली नाही.

तेवढ्यात नर्स वही घेऊन आली. "किती दुखत होतं?"

गिदुदूने खाइंझाच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. दात आवळले.

"लई," तो म्हणाला.